जोडाक्षर नसलेली नावं

४ नोव्हें., मंगळ.
पद्माला घेऊन पेणला, स्पीच थेरपीच्या मॅडमकडे. रोह्याहून सकाळची एसटी. लकव्याला पाच महिने झाले. बोलणं सुटं सुटं येतं, उजवा हात अजून जड. वाचन मात्र अडलंय. अक्षर दिसतं, ओळख लागत नाही. जोडाक्षर आलं की थांबते. मॅडम म्हणाल्या, रोज थोडं सोपं वाचून घ्या, लहान मुलांची पुस्तकंही चालतील.
येताना रामवाडीला आमच्या मुलीकडे जेवलो. रश्मीने नातवाची दोन पुस्तकं दिली.

५ नोव्हें.
ससा आणि गाजर. प.ने दोन ओळी वाचल्या, पुस्तक पालथं घातलं. "ससा नको." बऱ्याच वेळाने, "मी... मोठी बाई हाय."
खरंय. वाचनालयातून आठवड्याला दोन कादंबऱ्या आणणारी बाई. एक तीच वाचायची, दुसरी पण तीच. मी धाटावच्या कंपनीत तीस वर्षं फक्त लॉगबुक लिहिलं.

७ नोव्हें.
ठरवलं, आपणच लिहू. मोठ्यांची गोष्ट, सोपे शब्द, जाड अक्षर, पानाला सहा ओळी. नायक श्रीपाद, नायिका सुमित्रा. मला भारदस्त वाटलं. प. 'श्री'वरच अडली. सुमित्रापर्यंत पोचलीच नाही. कपाळाला घाम. वही मिटली.
तिच्या स्वतःच्या नावातही जोडाक्षर. आज लक्षात आलं.

८ नोव्हें.
रमा आणि रवी. वाचलं, पण पान संपेपर्यंत दोघांची अदलाबदल. शेवटी रवीला मुलगा झाला. तिच्याच लक्षात आलं आणि हसू लागली. मी पण. बऱ्याच दिवसांनी.
चूक माझी. प्लांटला शेजारच्या दोन व्हॉल्व्हना सारखे टॅग देत नाहीत, घाईत माणूस नको तो फिरवतो. नावांचं तेच. पहिलं अक्षर वेगळं पाहिजे. लांबी पण.

११ नोव्हें., मंगळ.
मॅडमना वही दाखवली. म्हणाल्या, बरोबर चाललंय, मुख्य नाव पानात दहा वेळा येतं, तेच अडलं की गोष्ट अडते. 'ख' टाळा, ताई त्याला 'रव' वाचतात. म्हणजे गोष्टीत घालायचं ठरवलेलं माझं खांब गाव बाद. ब-व, घ-ध, म-भ, एक असेल तर दुसरं नको.
एसटीत उरलेल्या अक्षरांची नावं जुळवत आलो. कोलाड कधी गेलं कळलं नाही.

१२ नोव्हें.
कमल लिहिलं. प. म्हणाली, "शाळेतली." म्हणजे पहिलीच्या पुस्तकातली. छगनला नुसती मान हलवली.
मग जुन्या कॅलेंडरच्या मागे दहा नावं लिहून समोर धरली. तिने डाव्या हाताचं बोट 'जया'वर ठेवलं. जोडीला मोहन मी सुचवला. एक दोन अक्षरी, एक तीन. ज आणि म, गल्लत नाही.
"मोहन आवडला का गो?"
"चालंल."

१५ नोव्हें.
जया हमरापूरच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखते. प. लग्नाआधी तेच करायची, मला दुसरं काय सुचणार. मोहन रोह्याला कंपनीत. बघायला येतो. चार पानं, पाऊण तास, सगळी वाचली. 'जया' बघताक्षणी येतं आता.
एका जागी थांबली. "चूक." डोळा आखायचा क्रम मी उलटा लिहिलेला. डाव्या हाताने हवेत काढून दाखवला. दुरुस्त केलं.

१८ नोव्हें., मंगळ.
मॅडम खूष. रामवाडीला रश्मीने वही चाळली. "बाबा, ही आईच ना?"
म्हटलं, गोष्ट आहे.

२० नोव्हें.
लग्नाचं पान. 'मोहन म्हणाला, काम सोड, चल. जया निघाली.'
प.चं बोट 'निघाली'वर थांबलं. अडलं असेल म्हणून मी वाचून दाखवलं.
"नाय," म्हणाली. "जया नाय गेली."
"मग?"
"तिला... इचारलं कुणी?"
मी चहा करायला उठलो.

२१ नोव्हें.
लिहिलं नाही. आठवत बसलो.
लग्न ठरल्यावर कारखान्याचे मालक तिच्या वडलांकडे आले होते. मी तिथेच होतो. पोरीचा हात चांगला हाय, म्हणाले, हंगामापुरती तरी येऊ दे. मी सांगितलं, माझी शिफ्टची नोकरी, घरी माणूस लागतं. वडील व्हय म्हणाले. ती आत होती. तिला आतून ऐकू आलं असणार.
तेव्हा सगळ्यांचं असंच...

२३ नोव्हें.
जुनं पान फाडलं नाही, त्यापुढे नवीन लिहिलं. 'मोहन म्हणाला, चल. जया म्हणाली, नाही.'
प.ने एका दमात वाचलं. मग परत. तीनदा.
विचारलं, "इतकी वर्षं मनात होतं?"
विचार करून म्हणाली, "कधी कधी. रोज नाय."
दुपारी नेहमीसारखी झोपली. मला झोप लागली नाही.

२५ नोव्हें., मंगळ.
मॅडमना फक्त वेग सांगितला, गोष्टीचं बोललो नाही.
रश्मीने मात्र नवीन पान वाचलं. "मग मी कुठून येणार?" हसत म्हणाली, पण पान परत उघडून बघितलं.
प.ने तिचा हात धरला. "तू हाय ना."
येताना एसटीत, नागोठण्याला तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. झोप आली असेल.

२७ नोव्हें.
आता गोष्ट ती सांगते, मी लिहून घेतो. जयाने हमरापूरला स्वतःचा कारखाना टाकला. छोटा. शेड पत्र्याची पाहिजे, कौलं नको, हे पण तिचंच. कामाला दोन मुली. नावं विचारली. "गीता. पारू."
मी तपासलं. ज, म, ग, प. एकही सारखं नाही. नियम मी तिला कधी सांगितला नव्हता.
"आणि मोहन?"
"त्याचं तुमी लिवा."
"तो काय करील मला नाही माहीत."
"मंग बसा. इचार करा."
आणि गीता-पारूचं पान वाचायला घेतलं तिने.

२८ नोव्हें.
तीन सुरुवाती केल्या. एकीत मोहन दुसरीकडे लग्न करतो. खोडली. दुसरीत जया त्याला बोलावते. ती तर जास्तच खोटी. तिसरीत तो नोकरी सोडतो. मी सोडली असती का? नाही. निदान तेव्हा नाही. पण मोहन मी नाही. गोष्ट आहे, असं रश्मीला मीच सांगितलंय.

३० नोव्हें.
एकच ओळ जमली. 'मोहन हमरापूरच्या फाट्याला उतरला.' प. कुठेही न अडता वाचून गेली. पान उलटलं, मागे कोरं.
"मंग?"
म्हटलं, उतरलाय. अजून चालायला लागला नाही.
"त्याला सांगा, आधी तिला इचार," म्हणाली, आणि वही माझ्याकडे सरकवली.