बॉनेटवरचं स्वस्तिक

१२ सप्टें., शुक्र.
आज गाडीचं कव्हर काढलं. सु. गेल्यापासून, म्हणजे जवळजवळ अकरा महिन्यांनी. आत दमट वास. टायर बसलेत, ते ठीक. पण बॉनेटवर गंज. गेल्या दसऱ्याला सु.नं ओल्या कुंकवानं काढलेलं स्वस्तिक, बरोबर तेवढाच. चारही पाय, चार ठिपके. बाकी क्रीम रंग जसाच्या तसा.
कव्हर परत टाकलं. चहा केला, प्यायलो नाही.

१४ सप्टें., रवि.
नीता राऊहून आली, अर्ध्या तासाचा तर रस्ता. तिला दाखवलं. लेक माझ्यापेक्षा व्यवहारी. "बाबा, फोटो काढून ठेवा आणि घासून टाका. पत्र्याला भोक पडेल." फोटो काढला. फोनमध्ये सॉस सांडल्यासारखं दिसतंय.
मग तीच म्हणाली, वरून क्लिअर कोट मारून तसंच ठेवलं तर? म्हणजे तिचाही जीव होईना.

१६ सप्टें.
पोलोग्राउंडला इस्माईलकडे गेलो. तीस वर्षं गाडीचं डेंट-पेंट तोच करतो. फोटो बोटांनी मोठा करून बघितला. मग, "भाभीजी का हाथ है?" हो म्हटलं.
"भिया, अभी ऊपर-ऊपर है। ऊपर से कोट मारोगे तो अंदर ही अंदर खाएगा। घिसना तो पड़ेगा।" मीच येऊन घासतो म्हणाला. नको म्हटलं. आपल्याच हातानं करायचं.

२० सप्टें.
हे कधी लिहिलं नव्हतं. दर दसऱ्याला सु. गाडीची पूजा करायची आणि तासाभरात मी फडकं घेऊन हजर. कुंकू रंग खातं म्हणून. ती म्हणायची, "अहो, एक रात्र तरी राहू द्या ना, देवाचं आहे." एकाही वर्षी राहू दिलं नाही. पत्र्याचं कौतुक, बायकोचं नाही.
गेल्या वर्षी पाहुणे होते, पुसायचं राहिलं. अकरा दिवसांनी ती गेली. मग पुसवेना. पुसलं असतं तर आज गंज नसता. न पुसल्याचंही दुःख, पुसत आल्याचंही. आहे काय हे!

२६ सप्टें.
पॉलिश पेपर आणले. दोनशेवीस आणि चारशे नंबरचे. प्राइमरचा डबा. सगळं बॉनेटवर मांडून बसलो तासभर. शेजारचे जोशी, "क्या बात है, गाडी निघतेय वाटतं!" हो म्हटलं. उगाच.

२ ऑक्टो., दसरा
वर्ष व्हायचंय, म्हणून यंदा पूजा नाही. कॉलनीत सगळ्या गाड्यांना हार. माझी एकटी बोडकी.
दहा वाजता घासायला घेतलं. वाटलं होतं जड जाईल. कसलं काय, वीस मिनिटांत संपलं. इतकं वरवरचं होतं. शेवटचा ठिपका निघाला तेव्हा मोठ्यानं रडलो. बरं झालं, बाहेर लाऊडस्पीकर चालू होता.
प्राइमर लगेच मारायचा असतो. डबा उघडलाच नाही. पत्रा तसाच उघडा.

३ ऑक्टो.
रात्री सर येऊन गेली. सकाळी घासलेल्या जागेवर पिवळट गंज. सगळीकडे सारखा, आकार-बिकार काही नाही.
इस्माईल फोनवर ओरडला, "नंगा पत्रा कोई छोड़ता है क्या, भिया? फिर से घिसो, और आज के आज प्राइमर मारो।"

५ ऑक्टो., रवि.
पेपर हातात घेऊन उभा राहिलो. आता यात सु.चं काही नाही. साधा गंज, कुणाच्याही गाडीवर येतो तसला. तरी हात उचलेना.
दुपारी नीताचा फोन. "मारला का प्राइमर?" म्हटलं, नाही, आज इकडे आभाळ आहे, वाळणार नाही.
लख्ख ऊन पडलंय. राऊ असं कितीसं लांब? तिच्या खिडकीतूनही तेच ऊन दिसत असणार.
"बरं बाबा," म्हणाली. फोन ठेवला नाही. मीही नाही.