पाहुण्याने न घेतलेली कॉफी

मेलकावेरी, कुंभकोण, शुक्रवार, दिवेलागण

देवापुढे दिवा लावला, पण मन त्या कॉफीपाशीच. आज आमच्या पद्मजेला पाहायला तंजावरहून मुलगा आला होता. दोघांना बोलायला झोपाळ्यावर बसवलं, तर तासभर भांडलेच की! कुठल्याशा सुपरहिरोच्या सिनेमावरून.

"पुस्तकात तो कुणाला मारत नाही, सिनेमात मारतो. मग तो तोच कसा?" पद्मजा म्हणाली.

"सिनेमा म्हणजे पारायण नव्हे हो," तो हसला. "त्यापेक्षा जपानी सिनेमे बघा, हाताने काढलेल्या चित्रांचे. नावं पाठवतो."

"पाठवा. नाही आवडले तर ऐकून घ्याल?"

कॉफीवर साय धरली. त्याने घोटही घेतला नाही. बायको म्हणते, कॉफीसाठी नावाजलेल्या कुंभकोणात येऊन कॉफी टाकून उठला, म्हणजे नकारच. मुलीने जरा गप्प बसायला हवं होतं का? पण का बसावं? विठोबाशी भांडताना मी तरी कुठे गप्प बसतो?

सिनेमांची नावं आली. त्याच्या घरून निरोप नाही.

आत्ता पद्मजा जपानी सिनेमा मध्येच थांबवून दारात आली. "अप्पा, त्यांनी कॉफी घेतलीच नाही. पुन्हा येतील ना?"

मघापर्यंत वाटत होतं, नकार आला तर आला. आता तसं वाटत नाही.