खणाचा निळा दोरा

चिमणे,

मुलांसाठी खडू आणायला गेलोय. दूध तापवून ठेवलंय, ते आधी पी.

शिकवणीच्या लाल पेन्सिली रोज कमी होत होत्या आणि माझा संशय तुझ्यावर होता. परवा मी गुपचूप पेन्सिलींच्या टेबलाच्या खणाला आडवा निळा दोरा बांधला. काल तो तुटलेला दिसला, तसा मी सगळ्या मुलांसमोर तुला चोर म्हणालो. "मी नाही घेतल्या, आजोबा," एवढंच म्हणालीस तू.

आज स्वेटर धुवायला टाकताना बटणात अडकलेला तोच दोरा सापडला. खिशात चार लाल पेन्सिली होत्या. खण मीच उघडला असणार. मला काहीच आठवत नाही.

आता मला वेगळाच संशय येतोय. काल तुझी नजर सारखी माझ्या बटणाकडे जात होती. मुलांसमोर माझं हसं होऊ नये म्हणून गप्प बसलीस ना? खरं सांग.

माझं चुकलं, बाळा. पण नुसतं चिठ्ठीत लिहून भागायचं नाही. संध्याकाळी त्याच मुलांसमोर, मोठ्याने म्हणणार आहे. तू पुढे बस.

आणि आजपासून माझे खिसे तू तपासत जा.

आजोबा