आईला कळेल असं

चंद्रपूर
२४ जुलै १९८३

ती. इसरूभाऊस,
कांताचा सविनय जयभीम. वि. वि.

मी खुशाल आहे. आईला सांग, वसतिगृहाची भाजी पातळ असते पण पोट भरतं.

भाऊ, अकरावी सायन्सचा वर्ग मला अजून मानवला नाही. सगळं इंग्रजीत चालतं. आपल्या शाळेत पुस्तक एकच होतं, ते गुरुजींच्या हातात. ते वाचायचे आणि आम्ही हाताची घडी घालून मागून म्हणायचो. इथेही मी पहिला आठवडा तशीच बसले. गुरुजी बोलत असताना खाली मान घालून लिहिणं म्हणजे लक्ष नसणं, असंच मला शिकवलं होतं. शेजारच्या मुली भराभर उतरवून घेत होत्या आणि मला त्यांचीच कीव येत होती. आता माझी मला येते.

संध्याकाळी मोठ्यानं म्हटल्याशिवाय माझ्या डोक्यात काही शिरत नाही. खोलीतल्या मुलींनी तक्रार केली. रेक्टरबाई म्हणाल्या की इथे मनातल्या मनात वाचायचं, ही काही आश्रमशाळा नाही. म्हणून मी आणि खैरुन शहराभोवतीच्या जुन्या परकोटावर जाऊन बसतो. खैरुन माझ्याच वर्गात आहे, तिच्या अब्बांचं, नूर मोहम्मदचाचांचं, शिलाईचं दुकान आहे.

नियम कडक आहे. सहामाहीत एका विषयात जरी नापास झाले, तरी वसतिगृहातली जागा वाट पाहणाऱ्या दुसऱ्या मुलीला जाते. पण तू घाबरू नकोस. सोबत परासरणाचा अख्खा इंग्रजी पाठ न बघता लिहून पाठवते आहे. एक शब्द चुकलेला नाही.

लोभ आहेच, तो पुरात वाहू देऊ नकोस.
तुझी, कांता

भामरागड
२१ ऑगस्ट १९८३

चि. कांतास,
अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी होतं, टपालाचा थैला आलापल्लीतच अडकला होता. मी इथे लाकूड डेपोत बसून पाऊस मोजतो, दुसरं काम नाही. डेपोचे साहेब तेवढ्यासाठीही पगार देतात हे नवल.

तुझा इंग्रजी पाठ मी आईसमोर ऐटीत वाचला. वाचून झाल्यावर तिनं विचारलं की याचा मतलब काय. मी म्हटलं, मले काय मालूम, कांतीलेच ठाऊक. मग आई म्हणाली की पोरीले लिही, मले समजन असं लिहून पाठव, नाई तर तुलेबी समजलं नाई असं समजीन. मी तिला झाडाची मुळं पाणी ओढतात वगैरे थोडंफार सांगितलं. त्यावर तिचं म्हणणं असं की कैरीच्या फोडीले मीठ लावलं की पाणी सुटते, थे पाणी कुठून येते, हे काऊन नाई लिहिलं तुया पुस्तकात?

मला उत्तर आलं नाही. तुला येत असेल तर लिही, येत नसेल तर तुझ्या सरांना विचार. शहाणी असशील तर लाजू नकोस. आपल्या घरात लाजण्याचं खातं माझ्याकडे आहे.

प्रकृतीस जप. आमच्यावरची माया कमी होऊ देऊ नकोस.
तुझा, इसरूभाऊ

चंद्रपूर
९ ऑक्टोबर १९८३

ती. आईस व इसरूभाऊस,
सविनय जयभीम. वि. वि.

आई, मलाही उत्तर येत नव्हतं. अख्खा पाठ तोंडपाठ होता आणि कैरीपाशी मी अडले. दोन दिवस स्वतःवरच चिडले होते. मग वर्ग संपल्यावर जीवशास्त्राच्या सरांपुढे जाऊन उभी राहिले. मास्तरांना उलट प्रश्न विचारणं आपल्याकडे उद्धटपणा. इथे सर खूश झाले! म्हणाले की हेच तर परासरण आहे.

तर ऐक. कैरीचा गर लहान लहान पिशव्यांचा बनलेला असतो. पिशवीच्या पातळ पापुद्र्यातून पाणी जाऊ शकतं. बाहेर मीठ जास्त झालं की आतलं पाणी त्याच्याकडे ओढलं जातं. मुळांत याच्या उलट: मातीतलं पाणी आत येतं. आता सांग, समजलं का?

तेव्हापासून मी सर बोलतात तसं उजव्या पानावर उतरवते, आणि संध्याकाळी डाव्या पानावर तुला कळेल असं मराठीत लिहिते. जिथे लिहिता येत नाही, तिथे मला समजलेलं नाही. खैरुन तुझ्या जागी बसून प्रश्न विचारते आणि तुझ्यापेक्षा जास्त भांडते. रसायनही असंच चाललं आहे. भौतिकशास्त्राची मात्र भीती वाटते, ते सध्या पाठच करते आहे.

दिवाळीला येत नाही, सुटी संपली की लगेच सहामाही आहे. रागावू नका. मी हरायला आलेले नाही.

आठवण काढत राहा.
तुमची, कांता

भामरागड
१२ डिसेंबर १९८३

चि. कांतास,
अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

तुझं कार्ड मिळालं. भौतिकशास्त्रात नापास, जागा गेली. बाकीच्या विषयांत चांगली पास झालीस, हे त्या लोकांना दिसत नाही का? मला फार राग आला आहे.

कांता, परत ये. इथे बालवाडीत बाईची जागा रिकामी आहे, मी बोलून ठेवलं आहे. परक्या गावात छपराशिवाय कशी राहशील? आई चुलीपुढे बसून आहे. तिच्या मनात काय आहे ते मला कळत नाही.

कधी निघतेस ते कळव. घरचा उंबरा तुझाच आहे.
तुझा, इसरूभाऊ

चंद्रपूर
२० डिसेंबर १९८३

ती. आईस व इसरूभाऊस,
सविनय जयभीम. वि. वि.

भाऊ, रागावू नकोस, मी येत नाही. माझी पेटी खैरुनच्या घरी नेली आहे. तिची आई अमिनाचाची म्हणाली की दो लडकियाँ पढेंगी तो एक ही बत्ती जलेगी. तेव्हा छप्पर आहे.

जागा गेली त्या दिवशी मी खूप रडले. मग शांत बसून विचार केला. जे दोन विषय आईला कळतील असे लिहून काढले, त्यांत पास झाले. जो भीतीनं नुसता घोकला, तोच गेला. यात रडण्यासारखं काय आहे? वार्षिक परीक्षा अजून पुढे आहे.

माझी खाट एटापल्लीकडच्या मंगलीला मिळाली. ती बल्लारपूरला नातेवाईकांकडे राहून रोज एसटीनं येत होती. राहिलेलं भांडं आणायला गेले तर ती त्याच खाटेवर भौतिकशास्त्राचं पुस्तक धरून रडत होती. माझी जागा घेणारी म्हणून तिच्यावर राग धरायचा मी ठरवलं होतं. जमलं नाही. मराठी तिला बेताचीच येते. मी मोडक्यातोडक्या गोंडीत विचारलं की भरल्या नदीत डोंगा समोरच्या काठाकडे सरळ मारला तरी खालच्या अंगाला का लागतो. ती रडायची थांबली. एक जोर वल्ह्याचा आणि एक पाण्याचा, हे तिनंच मला हातानं दाखवलं. दोन वेगांची बेरीज काय असते ते मलाही तेव्हाच पहिल्यांदा नीट कळलं. माझी गोंडी ऐकून ती हसली, हे वेगळं.

बालवाडीच्या जागेला नाही म्हणून कळव. उद्यापासून रोज संध्याकाळी मी वसतिगृहात मंगलीच्या खोलीवर तिला भौतिकशास्त्र शिकवायला जाते आहे.

तुमचा लोभ माझ्या पाठीशी असू द्या.
तुमची, कांता