लाल उजेड आणि तुमचा दुपट्टा

बाबा, माय आता तुमच्या जागी निजून आहे. खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून तिला उठता येत नाही, आणि पडून पडून कमरेखाली तुम्हाला झाली होती तशीच जखम तिलाही झाली आहे. घरात आम्ही दोघंच. पुढच्या खोलीतलं किराण्याचं दुकान मी चालवतो, पण जीव थाऱ्यावर नसतो. साखर तोलता तोलता उठतो, तिची कूस बदलतो, हात धुऊन परत येतो, तोवर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेलेलं असतं. जाऊ दे, त्याच्यामागे कोण धावतो.

ड्रेसिंगसाठी तुमसरहून नर्सबाई येतात. त्यांनी हातात मावेल असं एक मशीन ठेवून दिलंय. त्यातला लाल उजेड रोज थोडा वेळ जखमेवर धरायचा, आणि धरणाऱ्यानं डोळ्यांना काळा चष्मा लावायचा. "लाइटनं जखम भराले मदत होते, पन त्याच्याच भरवशावर राहू नका. कूस बदलनं चुकवू नका," असं त्यांनी मला दटावून सांगितलं. जखम अशीच खोल गेली तर हाडापर्यंत पोचेल, हेही सांगितलं. आणि माय तर मला लुगडं सरकवू देईना. "पोरानं मायची उघडी कंबर पाहावी काय? नेऊन दे तुही मशीन!" मशीन डब्यात पडून, जखम वाढतेय, आणि मी दुकान आणि खाटेच्या मध्ये नुसता येरझारा घालतोय. शेवटी माझं डोकं फिरलं. म्हटलं, "बाबाले तं तू भर अंगणात निजवत होतीस, साऱ्या गावासमोर!"

धानाच्या पेंढ्या रचलेल्या पुंजण्यावरून पडून तुमची कंबर गेली, त्यानंतरचे ते दिवस. जखमेला ऊन दाखवा, असं तेव्हा जो तो सांगायचा. तुम्ही अंगणात पालथे निजला आहात, पाठ उघडी, आणि ऊन सरकेल तशी माय खाट ओढते आहे. रस्त्यानं जाणारे थांबून विचारपूस करतात. तुम्ही डोक्यावरून दुपट्टा ओढून घेतलाय. मी विचारतो, "बाबा, तोंड काहून झाकता?" तुम्ही आतूनच म्हणता, "ऊन लागते रे."

माझं बोलणं ऐकून मायनं भिंतीकडे तोंड केलं. मग म्हणाली, "ऊन त्याच्या पाठीवर होतं. दुपट्ट्याखाली रडे तो, लाजेनं. मले ठाऊक होतं. तरी खाट वढत होती मी. तो मले जिता पायजे होता."

"मंग मलेबी तू जिती पायजे," मी म्हणालो.

तिनं पदर तोंडावर ओढला आणि म्हणाली, "लाव."

तेव्हापासून रोज लावतो. नर्सबाई म्हणतात, कडा बऱ्या दिसून राहिल्या. मला एक दिवस बऱ्या वाटतात, दुसऱ्या दिवशी तशाच, आणि मनातली धाकधूक काही थांबत नाही. पदराखाली माय काय करते, ते मी विचारत नाही. हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून सांगून टाकतो. मशीन बंद झाल्यावरही मी चष्मा काढत नाही, तसाच दुकानात येऊन बसतो. परवा एका गिऱ्हाइकानं विचारलं, घरात काळा चष्मा काहून? मी म्हटलं, "लाइट लागते."