डावा कोलू, उजवा मुखरू

३ जुलै २००६
आजपासून नियमित रोजनिशी. कोचचे विचार वाया जाता कामा नयेत.
बल्लारपुरात रग्बी मी आणली. पुण्याचा कोर्स करून आलो आणि कॉलेजची कबड्डीची पोरं घेऊन टीम उभी केली. आता स्क्रम. पाठ व्हावं म्हणून पुन्हा लिहितो: दोन्हीकडचे आठ-आठ जण डोकी गुंतवून ढकलतात. पुढच्या ओळीच्या दोन टोकांना प्रॉप. डाव्या प्रॉपचा एक कान मोकळा राहतो. उजव्याचं डोकं समोरच्या दोघांत चेपलं जातं.
डावीकडे आपला कोलू. एटापल्लीकडचा, होस्टेलवर राहतो. त्याला अजून कोणी मागे सारलेलं नाही. उजवीकडे मुखरू, तोही दगड. दोघं उत्तम.
म्हणून दोघांची अदलाबदल करायची. दोन्ही बाजूंनी खेळतो तो प्रॉप सोन्याचा, असं कोर्समध्ये ऐकलं. यालाच प्लेअर डेव्हलपमेंट म्हणतात.
नीला म्हणाली, चांगली चालली आहे ना गाडी, मग काऊन खोलता? बायकोला गेम कळत नाही.

६ जुलै, संध्याकाळी
स्क्रम गोल फिरला. सुरुवातीला तोंड गोलपोस्टकडे, शेवटी सायकल स्टँडकडे.
कोलू म्हणे, "सर, इकडून मले समजतच नाई, कोन कुठून दाबून राह्यला."
सांगितलं, समजणं ही पुढची पायरी.

१८ जुलै
समोर उभं राहायला आज पोरं कमी म्हणून कॉलेजच्या बंद मॅटॅडोरला ढकलायचा सराव. ताकद भरपूर, दिशा कमी. मॅटॅडोर प्राचार्यांच्या गुलाबांत.
प्राचार्य म्हणाले, रामटेके, कबड्डीत काय वाईट होतं? हसून सोडून दिलं. घरी येऊन हसू आलं नाही.

२ ऑगस्ट
मुखरू डावीकडे रुळतोय. फक्त अजून आतल्या बाजूला घुसतो आणि मधल्या शहबाजला रेटतो. शहबाजनं विचारलं, "सर, मी आपल्याच टीमचा आहो ना?"
विनोदबुद्धी टिकून आहे. चांगलं लक्षण.
झोप नीट लागत नाही. नागपूरची अंडर-नाइन्टीन ट्रायल नऊ सप्टेंबरला. कोलूची वयानं ही शेवटची. राज्याच्या कॅम्पला निवडला गेला तर पोलीस भरतीत खेळाडू म्हणून उभा राहील. मुलाचं आयुष्य आहे. म्हणूनच माघार नाही.

११ ऑगस्ट
कोलूनं विचारलं, "सर, तुमी कोन्त्या बाजूनं खेळत होते?"
मी म्हटलं, दोन्ही. (खो-खोतसुद्धा दोन्ही बाजूंना तोंड करूनच बसतात.) पोरं बघतच राहिली, तेव्हा स्वतः उजवीकडे उतरून दाखवलं.

१२ ऑगस्ट
मानेला पट्टा. डॉक्टर म्हणाले, या वयात? तरी पोरांवर परिणाम झालाच असणार. आज सगळी गप्प होती.

२९ ऑगस्ट
कोलूची आई आली. बुधरीबाई. एटापल्लीहून बस बदलत बदलत. अर्धं गोंडीत, अर्धं मराठीत बोलली. पोराची मान सुजून राह्यली, रात्री कूस बदलता येत नाई, त्याले त्याच्या जागी राहू द्या ना भाऊ.
मी तिला प्लेअर डेव्हलपमेंट सविस्तर समजावलं. कागदावर बाणही काढून दिले. तिनं चहा संपवला, कप धुऊन ठेवला, आणि बरं म्हणाली.
पटलं तिला.
नीला माझ्याशी बोलत नाही.

९ सप्टेंबर, नागपूर
सिलेक्टरनं कोलूला बाजू विचारली. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवायला गेलो, पट्ट्यामुळे हलली नाही, म्हणून हातानं उजवीकडे दाखवलं.
पहिला स्क्रम कोसळून खाली बसला. माती ओली होती.
दुसराही बसला. रेफ्री नवखा.
तिसऱ्यात कोलू खालीच राहिला. मी धावलो. उठला तो, पण मान धरून. सिलेक्टरनं मला विचारलं, याला उजवीकडे कोणी घातलं? सांगितलं, डेव्हलपमेंट चालू आहे. त्यांनी वहीत काहीतरी खरडलं. तोंडावर बोलले असते तर बरं झालं असतं.
संध्याकाळी नावं वाचली. मुखरू आहे. कोलू नाही.
म्हणजे पन्नास टक्के यश.
बल्लारपूरच्या गाडीत कोलू उभ्यानंच आला. उतरल्यावर माझी बॅग त्यानंच उचलली. तुमची मान दुखून राह्यली म्हणाला.

१५ सप्टेंबर
कोलू होस्टेल सोडून गावी गेला. ग्राउंडवर फक्त शहबाज आला होता, तोही बॉल परत करायला.
धीर सोडायचा नाही. नवा विचार: प्रॉपला मधली जागाही शिकवायची. डावी, उजवी, मधली. मग कोण नाकारेल? वयाचं काहीतरी बघू. कोणाला तरी भेटू. स्वतः जाऊन कोलूला आणतो.

२४ सप्टेंबर, एटापल्ली
आलापल्लीपर्यंत बसमध्ये उभा. पुढे वडापची जीप.
कोलू धानाच्या बांधावर होता. मला बघून पळतच आला, बाज टाकली, पाणी दिलं. बुधरीबाईनं चहा ठेवला. मी मधल्या जागेची योजना सांगितली. त्यानं सगळी ऐकली. मग म्हणाला, आता वय सरलं ना सर.
मी म्हटलं, त्या दिवशी एक स्क्रम जरी उभा राहिला असता तर.
तो म्हणाला, "दुपारी त्या सिलेक्शनवाल्या साहेबानं विचारलं होतं सर. मान बरी असल तर एक डाव डावीकडून खेळून दाखवतं का म्हणे."
मग?
"सरले विचारून येतो म्हटलं. तुमाले धुंडत गेलो. तुमी गेटजवळ चहा पिऊन राह्यले होते. अमरावतीच्या सरले दोन्ही बाजूचं समजावून राह्यले होते. मंधात कसा बोलू? उभा राह्यलो. वापस आलो तं ट्रायल संपली होती."
बोलायचं ना रे, मी म्हटलं.
"हो सर," म्हणाला.