मांडवात न येण्याचं खरं कारण

इंदिरानगर, नाशिक

ती. सिंधूताईस,

खंडूचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? आणि दाजींचा खोकला? (विडी सोडली म्हणतात, मग खिशात काडेपेटी कशाला?) इकडे मी आहे तसा आहे.

तुझे तीन फोन आले, उत्तर एकच. वेदिकाच्या लग्नाला मी नांदगावला येणार नाही. मामा पाठीशी उभा नसला म्हणून काही लग्न अडत नाही. मीनाने तुला ‘अशक्तपणा’ सांगितला, तो खोटा. अशक्त असेल तिचं माहेर! पोटावरची पिशवी गळते, हे खरं कारण.

आतड्याच्या ऑपरेशनात शौचाला पोटावर वाट काढून दिली, ते तुला ठाऊक आहेच. त्या तोंडाभोवती चिकट चकती बसते, चकतीला पिशवी. चकतीचं भोक आपण मापाने कापायचं. दवाखान्यातली सिस्टर चैताली (माझी मोजपट्टी तिच्यापेक्षा वयाने मोठी) म्हणाली, “काका, सूज उतरेल तसं माप बदलेल. दर आठवड्याला मोजा.” मला! सातपूरला बत्तीस वर्षं गॅस्केटं कापली, मशीनमधून थेंबभर तेल गळू दिलं नाही, आणि ही कालची पोर मला भोक कापायला शिकवणार! घरी आल्या आल्या त्याच मापाने वीस चकत्या एका बैठकीत कापून डब्यात रचल्या. एकदा माप लागलं की सगळे नग काढून मोकळं व्हायचं, ही आमची कारखान्याची रीत.

गळायला लागल्यावर सल्लागारांना काय तोटा! सोमनाथने (आमच्याच खात्यातला, जन्मभर नट उलटे पिळले) वरून खोक्याची टेप गुंडाळायला सांगितली. मीनाने लाल झालेल्या कातडीवर खोबरेल चोळलं. तेलावर चकती चिकटणार, कपाळ! मग त्याच सोमनाथच्या पोराचा साखरपुडा. हातात पेढा, समोर अख्खं खातं, आणि माझा पांढरा सदरा कडेने पिवळा. वास आला तसे शेजारचे दोघे सरकले. एका शहाण्याने पंखा वाढवला. मी पेढा तसाच ठेवून रिक्षाने घरी आलो. ताई, त्या दिवशी बाथरूममध्ये मी रडलो. दाजींना सांगू नकोस.

दुसऱ्या दिवशी चैतालीने मोजलं. तोंड आकसून अठ्ठावीस मिलिमीटर, माझं भोक अडतीस! मधली कातडी उघडी, गळती तिथूनच. ती हसलीसुद्धा नाही, त्याचाच जास्त राग आला. कातडी कोमट पाण्याने धुऊन कोरडी करायची, तेल-बिल नाही, नव्या मापाची चकती तळहाताने दाबून ऊब द्यायची, आणि पिशवी तिसरा हिस्सा भरली की रिकामी करायची. एवढंच. उरलेल्या चौदा चकत्या कचऱ्यात गेल्या. तरीही भर मांडवात, पाचशे माणसांपुढे? नाही म्हणजे नाही. आग्रह करू नकोस.

तुझा धाकटा,
खंडेराव

ता. क. गेले अठरा दिवस थेंब नाही. काल मीनाला मंगलाष्टकं म्हणायला लावली (बेसूर) आणि अक्षता घेऊन पाऊण तास दिवाणासमोर उभा राहिलो. सदरा कोरडा.

ता. क. २. माझ्या जागी कुणाला उभं करणार असशील तर त्याला पंगतीत वाढायला धाड. वेदिकाच्या पाठीशी मीच उभा राहणार.

ता. क. ३. मामाभेटीला मुलाचा मामा मिठी मारून उचलतो, असं ऐकलंय. त्याला आधीच सांगून ठेव, नुसता हार घाल. हौसच असेल तर दाजींना उचल म्हणावं. आणि का म्हणून विचारलं, तर अशक्तपणा सांगू नकोस. पोटाला पिशवी आहे, असंच सांग.